‘बेबनाव’ आणि गुरुवारच्या घागरी

वसतिगृहात माझ्याकडे तीन वह्या होत्या. एक हजेरीची, एक पाण्याची आणि एक सोडून जाणाऱ्या मुलींची. तिसऱ्या वहीतला शेवटचा रकाना ‘कारण’. तो मीच पट्टी घेऊन दोन बोटं रुंद आखला होता. त्यात एकच शब्द मावावा अशी माझी इच्छा होती. ‘लग्न’, ‘आजार’, ‘नापास’. एका शब्दात सांगता येत नाही ते कारणच नव्हे, असं माझं तेव्हा मत होतं.

चौथी वही खाजगी होती, शब्दांची. आदल्या वर्षी वर्धा जिल्हा मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेला. तोवर बरीच पत्रं हिंदीत येत आणि मी ‘छात्रावास अधीक्षिका’ होते. आता सगळं मराठीत लिहायचं ठरलं आणि नेमका शब्द शोधायची वेळ रोज येऊ लागली. सव्वीस मुली एका छपराखाली राहतात तिथे सगळ्यात जास्त लागतात ते भांडणाचे शब्द. ते मी चढत्या क्रमानं लिहून ठेवले होते. कुरबूर, खटका, बाचाबाची, भांडण, मग अबोला, आणि शेवटी वितुष्ट, ज्याच्यापुढे माझा इलाज चालत नसे.

‘बेबनाव’ कुठे बसवायचा ते कळेना, म्हणून कोश काढला. ‘बे’ फारसी, म्हणजे विना. बेइमान आणि बेफिकीरमधला. ‘बनाव’ हिंदीतल्या ‘बनना’च्या घरातला. रचून सांगितलेल्या गोष्टीलाही आपण बनाव म्हणतो, पण इथे अर्थ जुळण्याचा. आमच्याकडच्या बायका ‘त्या दोघींचं बनत नाई’ म्हणतात, तेच हे, फक्त कचेरीचा कोट घालून आलेलं. फारसी डोकं, हिंदी धड आणि मुक्काम मराठीत, म्हणजे शब्द आमच्या जिल्ह्याला शोभणारा. मला तो आवडला मात्र वेगळ्या कारणानं. त्यात कुणाचीच चूक नसते. जुळलं नाही, एवढंच. वहीत लिहायला इतका सोयीचा शब्द दुसरा नव्हता.

त्या पावसाळ्यात रोहण्याहून एक मुलगी आली. आमच्या मुली प्राथमिक शिक्षिका होण्यासाठी शिकत. दोन वर्षं पुरी केली की शाळेत नोकरी. हिच्या घरच्यांनी आदल्या दसऱ्याला नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. घराण्यात इतकं शिकलेली हीच पहिली. वर्ध्यात तिचं कुणी नव्हतं. वसतिगृह सुटलं तर शिक्षण सुटणार, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

दीड महिन्यानं तिच्या खोलीतल्या तिघी माझ्याकडे आल्या. पुढे हिंगणघाटच्या एका कारकुनाची मुलगी, बाकीच्या दोघी तिच्या मागे.

“बाई, हिच्यासंगं आमचं बनत नाई.”

काऊन, म्हणून मी विचारलं. तिघींनी एकमेकींकडे पाहिलं. कंदील, दोरीवरचे कपडे, खिडकी, असं काहीबाही सांगितलं. मी क्रमांक घालून सहा तक्रारी लिहून घेतल्या. सहापैकी एकही सव्वीस मुलींत नवी नव्हती, हे तेव्हाच ध्यानात यायला हवं होतं.

माझ्याजवळ त्या मुलीबद्दल आणखी एक नोंद होती. उन्हाळ्यात विहीर तळाला गेली, तेव्हापासून पिण्याच्या पाण्याच्या घागरी मी रोज लिहीत असे. स्वयंपाकघरातला रांजण दोन घागरींचा. सात मुलींची वारांप्रमाणे पाळी, बाकीच्यांकडे दुसरी कामं; जिची पाळी तिनं सकाळी रांजण धुऊन भरायचा आणि रिकामा झाला की पुन्हा भरायचा. रोजच्या आठ घागरी होत. गुरुवारी, म्हणजे हिच्या पाळीला, दोनच. मी एकदा तिला विचारलंही होतं. ती म्हणाली, “रांजण भरलेलाच राहतो, बाई.” कामचुकारांचं उत्तर असंच असतं, म्हणून मी पुढे गेले. रांजण माझ्या खोलीपासून वीस पावलांवर होता.

दुसरी खोली रिकामी नव्हती. तीन मुलींची जागा बदलण्यापेक्षा एकीची व्यवस्था दुसरीकडे लावावी, असा सरळ हिशेब मी केला. महिनाअखेर जागा सोडावी, असं कार्ड तिच्या घरी टाकलं आणि तिसऱ्या वहीत तिच्या नावापुढे लिहिलं, ‘बेबनाव’.

चार-पाच दिवसांनी तिची आई आली. आर्वीच्या छोट्या गाडीनं पुलगाव, तिथून मोठ्या गाडीनं वर्धा, पुढे पायी. ती बसायला तयार नव्हती; मी दोनदा म्हटलं तेव्हा खुर्चीच्या कडेवर टेकली. मुलगी तिच्या मागे उभी. बाईनं रडणं, विनवणं काही केलं नाही. वहीत काय लिहिलं आहे, ते वाचून दाखवा म्हणाली. मी वाचलं.

“त्याचा मतलब काय जी?”

हे मला चांगलं सांगता येत होतं. मी फारसी ‘बे’पासून सुरुवात केली आणि दोघांचं न बनण्यापर्यंत आले. तिनं सगळं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“म्हंजे याच्यात दोघं लागते,” ती म्हणाली. “माह्या पोरीसंगं त कोणी बोलतच नाई जी. मंग हे दुसरं कोण?”

काहीतरी करायचं म्हणून मी मुलीला आईसाठी पाणी आणायला सांगितलं, आणि मीही का कोण जाणे, तिच्यामागून स्वयंपाकघरात गेले. दुपारचे तीन वाजले होते. जेवणं उरकून भांडी पालथी पडली होती. मुलीनं झाकण काढलं. रांजण काठोकाठ भरलेला होता. वार गुरुवार.

खोलीत येऊन मी पाण्याची वही उघडली. गुरुवारी दोन, हे मी सात आठवडे पाहत होते. बुधवारी अकरा, हे कधी पाहिलंच नव्हतं. मुली आदल्या संध्याकाळीच आपापले तांबे भरून ठेवत. सगळं माझ्याच अक्षरात होतं.

“तू बोलली का नाहीस?” मी मुलीला विचारलं.

“सांगितलं होतं, बाई.”

आई पाणी प्यायली. मीही एक पेला मागून घेतला. मग ‘बेबनाव’वर रेघ मारली, खाली सही केली आणि तिला दाखवली. तिला वाचता येत नव्हतं. तिनं ती रेघ बोटानं चाचपून पाहिली आणि म्हणाली, “पक्की मारली ना जी?”

मुलीला पाण्याच्या पाळीतून काढलं की प्रश्न मिटेल, हा सोपा उपाय मला सुचला होता आणि मी तो कागदावर लिहिलाही होता. वाचून पाहिला, तर तो ‘बेबनाव’चाच भाऊ निघाला. कागद फाडला. गुरुवार तिचाच ठेवला. बुधवारी संध्याकाळी सगळ्यांचे तांबे गोळा करून माझ्या कपाटात ठेवले आणि गुरुवारी जेवणाच्या वेळी रांजणाशेजारी पाट टाकून बसले. ज्यांना हे पाणी चालत नाही त्यांनी घर गाठावं, एवढंच सांगितलं. त्या दिवशी तीन घागरी लागल्या. पुढच्या गुरुवारी पाच.

हिंगणघाटच्या मुलीचे वडील आले, माझ्याशी तासभर बोलले आणि मुलीला घेऊन गेले. तिच्या नावापुढे एक शब्द पुरेना. मी लिहिलं, ‘बौद्ध मुलीने भरलेले पाणी पिण्यास नकार.’ अक्षरं दोन बोटांच्या रकान्यातून बाहेर जाऊन समासात उतरली. नवी वही आखली तेव्हा तो रकाना मी अर्ध्या पानाचा केला.

दिवाळीनंतर गुरुवारच्या आठ घागरी होऊ लागल्या. दुसऱ्या वर्षी एका सकाळी तिच्या खोलीतून मोठा आवाज आला. कंदिलाची काच फुटली होती. ती आणि खोलीतली एक मुलगी दारात समोरासमोर उभ्या राहून एकमेकींच्या खानदानाचा उद्धार करत होत्या, आणि कुणीच ऐकायला तयार नव्हती. मी दोघींनाही विचारलं. दोघीही तितक्याच चुकल्या होत्या. तेव्हा मी चौथी वही काढून ‘बेबनाव’ला त्याची जागा दिली, भांडणानंतर आणि अबोल्याच्या आधी.