तात्यांच्या पायातली झडप

आमच्या लॅबमध्ये संशोधन तोळाभर आणि किस्से पोत्यानं! त्यातले निम्मे तात्यांच्या डाव्या पायाचे. तात्या म्हणजे बारामतीच्या आमच्या कॉलेजातले लॅब अटेंडंट, राहणार कन्हेरी. पायाच्या शिरा फुगलेल्या, घोट्याजवळची जखम काही भरेना. शिरेत झडपा असतात, वर चढलेलं रक्त त्या खाली येऊ देत नाहीत. तात्यांची गुडघ्याजवळची झडप गळत होती. हेच कॉम्प्युटरवर दाखवणं हा माझा पीएचडीचा विषय. मग काय, सोनोग्राफीवरून तात्यांचीच शीर कॉम्प्युटरवर उतरवली!

*

त्या शिरेचं रंगीत चित्र तात्यांनी फ्रेम करून घरी लावलं. पाहुणे विचारत, "कंचा कालवा म्हनायचा ह्यो?"

तात्या ताठ मानेनं सांगत, "घरचाच हाय!"

*

त्या शिरेतून रक्त वर चढवायचं कॉम्प्युटरचं एकेक गणित चार-चार दिवस चालायचं. तात्या रोज सकाळी दारातूनच ओरडायचे, "सर, रक्त कुठवर आलं?"

"गुडघ्यापर्यंत."

"आन् मांडीला कवा?"

"परवा."

हे कॅन्टीनवाल्यानं ऐकलं. दुपारपर्यंत अर्धं कॉलेज तात्यांना बघायला हजर! कुणी शहाळंही आणलं. तात्यांनी ते निवांत पिऊन टाकलं.

*

निरोगी झडप कशी चालते ते पाहावं म्हणून एकदा मी कॉम्प्युटरवर ती गळकी झडप दुरुस्त केली. पटकन बंद झाली! मागं उभ्या तात्यांनी डोळे पुसले, आणि इंदापूरला ठरलेलं ऑपरेशन रद्द करून टाकलं.

"झडप बसली की! आता कापाकापी कशाला?"

मला घाम फुटला. जखम चिघळली तर पाय जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. "तात्या, ते नुसतं चित्र आहे हो!"

"चित्र कसं? शीर माझी, रक्त माझं!"

*

शेवटी मीही लाज सोडून चित्रच खरं मानलं. झडप पुन्हा गळकी केली आणि तात्यांना बोलावलं. रक्त भसाभसा खाली येत होतं. तात्यांनी पडद्यावर बोट ठेवलं.

"विहिरीतला फूट व्हॉल्व्ह गेल्यागत झालं. मोटर कितीबी चालवा, पानी माघारी!"

"मग काय करायचं?"

"फिटर गाठायचा."

ऑपरेशन सोमवारी ठरलं. हुश्श!

*

मंगळवारी माझी पीएचडीची समिती बसणार होती. तिला दाखवायचं शेवटचं गणित चार दिवस चालून मांडीपर्यंत आलेलं, मध्येच थांबलं तर पुन्हा पहिल्यापासून. सोमवारी सकाळी इंदापूरहून तात्यांचा फोन.

"सर, मला आत घेत्यात. कॉम्प्युटर बंद केलाय न्हवं?"

"का हो?"

"का म्हंजी? वायरमन खांबावर चढल्यावर लाइन चालू ठेवत्यात व्हय? डॉक्टरचा हात आत असनार, आन् तुमी तिकडनं रक्त सोडताय!"

"केलाय बंद, तात्या."

"न्हाय सर. त्याच्या पंख्याचा आवाज येतोय. बंद करा, मगच मी आत जातो."

मागून नर्स ओरडत होती, "आजोबा, चला की! डॉक्टर खोळंबलेत!"

"थांबा वो बाई! अजून लाइन चालू हाय!"

मी उठलो आणि मेन स्विच पाडला.