दंडावरचा पाळणा

माझ्या थोरल्या बहिणीला आम्ही सगळे बाई म्हणायचो. अंगानं चांगली भरलेली होती. भाऊजी आलापल्लीच्या लाकूड डेपोत कारकून होते. तिथल्या हिवतापानं तिला तीन वर्षांत असं वाळवलं की चोळी अंगावर राहीना आणि दोन्ही दंडांची कातडी खाली लोंबायला लागली. झोळ्या घेऊन कुठं निघालीस, असं भाऊजी थट्टेनं विचारायचे. ती हसायची नाही.

नागपूरला एक डॉक्टर अशी कातडी कापून हात घट्ट करून देतो, हे तिच्या कानावर आलं आणि तिनं हट्टच धरला. मरणाच्या दारातून परतलेल्या बाईला हा नट्टापट्टा कशाला सुचतो, असं मी तिच्या तोंडावर बोलले. तेव्हा तिनं डावा हात वर केला. दंडाच्या आतल्या बाजूला हिरवा पाळणा गोंदला होता, मध्ये बाळ म्हणून एक टिपका. तिचा पहिला मुलगा दहा महिन्यांचा होऊन गेला, तेव्हा बाजारातल्या गोंदणारणीकडून तिनं तो काढून घेतला होता. पाजताना त्याचं डोकं जिथं टेकायचं, तिथंच. मेल्यावर दागिने इथंच राहतात, गोंदण तेवढं सोबत येतं, हे आमच्याकडं शेंबडं पोरही सांगेल. आता तो पाळणा लोंबून ओळखू येईनासा झाला होता.

"असा पाळणा पाहून तो मले कसा ओळखीन?" ती म्हणाली.

मी चांद्याच्या शाळेत मास्तरीण होते, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता. तरी भाऊजींना रजा मिळेना म्हणून मीच सोबत गेले. तिला तोंडावर बोलले, ते वाटभर मनाला खात होतं.

डॉक्टर घाईत होता. जांभळ्या पेन्सिलीनं त्यानं दोन्ही दंडांवर रेघा ओढल्या. मधलं सगळं कापायचं, म्हणाला. डावीकडचा पाळणा पुरा रेघांच्या आत होता. हात डोक्यावर धरून पडलेल्या बाईला तो दिसत नव्हता.

"खूण कायमची राहील. चालेल ना?" डॉक्टरनं विचारलं.

"तेच तं पाहिजे," बाई म्हणाली. तिचा चेहरा इतका उजळलेला मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

तो टाक्यांच्या वणाबद्दल बोलत होता, ती गोंदणाबद्दल. मला दोन्ही कळत होतं. मी गप्प बसले. खरं सांगायचं तर मला त्या टिपक्याचाच राग होता. तो एकदाचा गेला की ही मोकळी होईल, असं वाटलं मला.

बारा दिवस ती पट्टीवरून हळूच हात फिरवत राहिली, आणि मला तिच्याकडं बघवेना. पट्ट्या सुटल्या. हात खरंच घट्ट झाले होते. काखेपासून कोपरापर्यंत लाल शिवण होती.

"खूण कुठी आहे?" तिनं विचारलं.

डॉक्टरनं शिवणीवर बोट ठेवलं. कापलेली कातडी तरी द्या, म्हणून ती वॉर्डातल्या आयेच्या पाया पडली. पण कातडी कापली त्याच दिवशी जाळली होती.

परतताना चांद्यापर्यंत तिनं डावा हात पदराखाली झाकून ठेवला. उतरायच्या आधी म्हणाली, "डॉक्टर बोलला तवा तुले समजलं होतं काय?"

"नाई," मी म्हणाले.

नवा पाळणा काढून घ्यायला ती बाजारात गेली, पण शिवलेल्या कातडीवर सुई टोचायला गोंदणारीण तयार झाली नाही. पुढं माझ्या बाळंतपणाला बाई आली. दोन महिने राबली, पोरीला न्हाऊमाखू घातलं. पण डाव्या हातावर तिनं माझ्या पोरीला एकदाही घेतलं नाही.