कोकराची हाक

सांगोल्याकडचा धुळाप्पा धनगर दुष्काळात मेंढरं घेऊन सोलापुरात आला आणि साहेबलोकांच्या गोल्फच्या मैदानावर, चेंडू घालायच्या खळग्याभोवतीची वाळू सारखी करायच्या कामाला लागला. मैदानाच्या कडेला वाळकं गवत होतं आणि कुंपणाबाहेर त्याची मेंढरं उपाशी होती. एकदा साहेब मजेत म्हणाला, दोन टोल्यांत चेंडू खळग्यात घाल, गवत तुझं.

पहिल्या टोल्याला कुंपणापलीकडं कोकरू ओरडलं. धुळाप्पानं जन्माच्या सवयीनं मान वळवली, खांदा फिरला आणि चेंडू भरकटला.

साहेबांच्या काठ्या वाहणारा येडू चिडला. "आरं, कळप राखतुयास का चेंडू मारतुयास? खळग्यापतुर रेघ हाय आसं समज. पाय, खांदं तिच्या सरळीत ठेव, काठीचं तोंड खळग्याकडं कर, आन् मान खालीच ऱ्हाऊ दे की!"

धुळाप्पा तसा उभा राहिला. कोकरू पुन्हा ओरडलं, या वेळी अगदी बारीक. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं हाकेला मान वर केली नाही. चेंडू खळग्यात पडल्याचा आवाज त्यानं नुसता ऐकला.

फाटक उघडलं तशी मेंढरं गवतावर तुटून पडली. धुळाप्पा मात्र कुंपणाशी बसून राहिला. मांडीवर तेच कोकरू निपचित पडलं होतं, आणि त्याच्या तोंडाशी त्यानं मूठभर गवत धरलं होतं.