दुकानात पेटणारा बल्ब

"हा बल्ब मेलेला आहे," मी ओरडत होतो, "आणि तुम्ही तो मला जिवंत करून दाखवताय."

उल्हासनगर कॅम्प चारातलं ते इलेक्ट्रिकचं दुकान. माझ्या आवाजाने छताला टांगलेली झुंबरं किणकिणत होती. काउंटरमागच्या म्हाताऱ्या सिंधी दुकानदाराने मी नेलेला बल्ब पुन्हा टेस्टिंग बोर्डाच्या होल्डरमध्ये घातला आणि बटण दाबलं. बल्ब लख्ख पेटला. तीन आठवड्यांत तिसऱ्यांदा.

"साईं, जल रहा है," ते म्हणाले. "अब क्या करू, इससे गाना गवाऊ?"

माझ्या घरी जो बल्ब पेटत नाही तो यांच्या दुकानात पेटतो, म्हणजे यांच्या बोर्डात काहीतरी काळंबेरं आहे, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

मुळात हा बल्ब आला आईमुळे. चिखलोलीच्या नव्या फ्लॅटमध्ये आलो आणि महिनाभरात ती बाथरूममध्ये पाय घसरून पडली. मनगटावर निभावलं. डॉक्टर म्हणाले, पुढच्या खेपेला खुबा जाईल आणि मग आजी उठायच्या नाहीत. आईची चाळीस वर्षं चाळीतल्या मोरीत, साडीच्या आडोशाला, मिणमिणत्या दिव्यात गेलेली. ती पहाटे अंधारातच अंघोळ उरकते हे मला तेव्हा कळलं. वीजबिल वाचवते, दुसरं काय, असं मी ठरवून टाकलं. मी ठरवलं की ते ठरतं.

म्हणून मी या दुकानात आलो, "सगळ्यात जास्त उजेडाचा द्या" म्हणालो. बल्ब दाखवायचं सोडून हा माणूस विचारतो, "खिडकी किधर है?"

बल्ब विकणाऱ्याला माझ्या खिडकीशी काय करायचंय? मी सावध झालो. तर म्हणे, दिवा खिडकीच्याच भिंतीवर घ्या, दारावरचा होल्डर नको. आणि बाथरूममध्ये वाफ असते, तर काचेचं झाकण असलेलं बंद फिटिंग लावा. मी मनात हसलो. खिडकीची भिंत म्हणजे नवीन वायर. झाकण म्हणजे नवीन फिटिंग. बल्बसाठी आलेल्या माणसाच्या गळ्यात अख्खं दुकान बांधायचा डाव. मी फक्त बल्ब घेतला. त्यांनी न विचारता त्याच्या गळ्यावर मार्करने तारीख लिहिली, "एक साल में गया तो बदलून देणार." आपणहून बदलून देणारा दुकानदार मी जन्मात पाहिला नव्हता. संशय दुप्पट झाला.

बल्ब दारावरच्या जुन्या होल्डरमध्ये लागला. असा उजेड, की बदलापूरचे कोंबडे आमच्या बाथरूमकडे बघून आरवायला लागले. बटण बाहेर. आई आत गेली की मी उठून बटण दाबायचो आणि परत झोपायचो.

चार दिवसांनी बायको ओरडली, "अहो, बल्ब गेला." मी काढला, तडक कॅम्प चार. तिथे पेटला. घरी लावला, पेटला. आठवड्याने परत अंधार. आज तिसरी फेरी. घरी परतताना अंबरनाथला शिवमंदिराजवळच्या दुसऱ्या दुकानात घुसलो, त्रयस्थ साक्षीदार म्हणून. तिथेही पेटला. म्हणजे हा त्यांना सामील. घरी आणून लावला, पेटला.

दुसऱ्या दिवशी पहाटे आई अंघोळ करून बाहेर आली आणि मागोमाग बायको आत गेली. "अहो, परत."

या वेळी मी लगेच आत गेलो. होल्डरखाली बादली पालथी ठेवलेली. तिच्या तळावर दोन ओली पावलं, लहानशी, एक करंगळी वाकडी. आमच्या घरात वाकडी करंगळी एकाच बाईची आहे. मी हात वर करून बल्ब दाबला, जरासा फिरवला. पेटला.

आई स्वयंपाकघरात केस पुसत होती.

"आई, बल्ब तू सैल करतेस?"

"करते. परत पिळायचं कधीकधी ध्यानात राहत नाय."

"पडू नयेस म्हणून लावलाय आणि तू बादलीवर चढतेस?"

"आरं, समोरच्या बिल्डिंगीतली बाई भाजीच्या गाडीवर सगळ्यांदेखत मला म्हनली, मावशी, पाठीला हात पोचत नाय वाटतं तुमचा."

"मला सांगायचंस ना."

"तुला सांगून काय? आणखी मोठा बल्ब आणला असतास."

मी चप्पल घालून समोरच्या इमारतीच्या जिन्यात जाऊन उभा राहिलो. बायकोला सांगितलं होतं, आत जा, साडी नेसलेलीच, नुसता पाण्याचा मग डोक्यावर धर. आमच्या खिडकीच्या दुधी काचेवर माझी बायको दिसली. अगदी बांगड्यांसकट. मागे दारावर दिवा, पुढे खिडकी, मध्ये माणूस. पडदा आणि सिनेमा दोन्ही मीच लावून दिले होते.

दुकान उघडायच्या आधीच मी शटरपाशी हजर. "साईं, खिडकीची भिंत," एवढंच म्हणालो. म्हाताऱ्याने मोठेपणा मिरवला नाही, सरळ वायरचं बंडल काढलं. याचाच मला राग आला. वायर मात्र मी त्याच्यासमोर दोनदा हाताने मोजली.

संध्याकाळपर्यंत खिडकीच्या वर बंद फिटिंग लागलं, आत साधा नऊ वॅटचा पिवळसर बल्ब. मी पुन्हा समोरच्या जिन्यात जाऊन पाहिलं. काचेवर नुसता उजेड, सावली नाही. दुसऱ्या पहाटे आई दिवा चालू ठेवून निवांत न्हायली. ती बाहेर आली तेव्हा मी छाती काढून दारातच उभा होतो.

"आता कसं वाटतंय?"

"बादली नवी आण," ती म्हणाली. "तिचा तळ कवाचाच तडकलाय."