आजोबांच्या अंगावरची वर्दी

गावच्या सरपंचबाई आणि शाळेचे हेडमास्तर एका दुपारी आमच्या घरी आले, तेव्हा मी वाशीमहून माहेरी आले होते. बाबा ओट्यावर बसून संभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत होते. शेजारी आई मेथी निवडत होती. दुसऱ्या दिवशी मालेगावचा बाजार होता.

सरपंचबाई म्हणाल्या, "काका, एका घरच्या तीन पिढ्या फौजेत गेल्या, असं आपल्या गावात तुमचंच घर हाय. यंदा झेंडावंदनाले तुमचा सत्कार करायचा ठरला. तिघाईचे फोटो ग्रामपंचायतीत लावू. वर्दीतले फोटो तेवढे द्या."

बाबांचा फोटो होता. भावाचे तर मोबाईलमध्ये ढीगभर होते. त्याला फौजेतून घरी येऊन काही वर्षं झाली आहेत आणि आता बाबांबरोबर तोच भाजीचा मळा पाहतो. आजोबांचा मात्र वर्दीतला एकही फोटो घरात नव्हता. मुळात त्यांचा फोटोच एक होता, आईबाबांच्या लग्नातला. मांडवाच्या कडेला पांढरं धोतर नेसून, पागोटं घालून आजोबा उभे आहेत आणि त्यांचा एक हात नवरीची दमणी, म्हणजे छपराची बैलगाडी, ओढून आणलेल्या बैलाच्या मानेवर आहे.

भाऊ म्हणाला, "त्यात काय? मालेगावच्या स्टुडिओत देतो. कम्प्युटरवर वर्दी घालून देतात आता."

बाबा जुड्या बांधत राहिले. फौजेबद्दल ते कधीच फारसं बोलत नसत. एकाहत्तरच्या, पूर्वेकडच्या लढाईत त्यांच्या खांद्याला लोखंडाचा तुकडा लागला होता, एवढंच आम्हाला माहीत होतं, आणि तेही आंघोळीच्या वेळी व्रण दिसायचा म्हणून.

आजोबा ब्रह्मदेशच्या लढाईत होते. ती इंग्रजांची फौज. तिथे ते बंदूक चालवणाऱ्यांत नव्हते, दारूगोळा आणि पाणी वाहून नेणाऱ्या खच्चरांच्या तुकडीत होते. घरी परत आले ते जरा लंगडत, आणि पुढे सगळं आयुष्य त्यांनी भाजी पिकवण्यात घालवलं. त्यांच्या हातचे वाफे असे सरळ असायचे की आसेगावचे पाहुणे आले तरी आधी मळ्यात जाऊन ते पाहायचे. बैलांशी ते हिंदीत बोलत. "चल बेटा, आगे चल," म्हणाले की आमचे बैल चालू लागत. लहानपणी मला वाटायचं, सगळ्या बैलांना हिंदी येतं. शेजारच्या वावरात जाऊन मी त्यांच्या बैलांना "आगे चल" म्हणून पाहिलं, तर ते नुसते रवंथ करत बसले.

लढाईची म्हणून एकच गोष्ट मी त्यांच्या तोंडून ऐकली. मी तेव्हा तिसरी-चौथीत असेन. त्यांच्याबरोबर मालेगावच्या बाजारात गेले होते. आमच्या दुकानामागे कुंभाराचं गाढव बांधलेलं होतं आणि ते एकसारखं ओरडत होतं. गिऱ्हाईकं वैतागली, एकाने दगडही उचलला. आजोबांनी त्याचा हात धरला आणि हातातली वांगी खाली ठेवून ते नुसते ऐकत राहिले.

मी विचारलं, "आजोबा, काय ऐकून राह्यले तुमी?"

"वरडू दे त्याले, पोरी," ते म्हणाले. "आमच्या खच्चराईचा आवाज काहाडून टाकला व्हता सायबाईनं. जंगलात वरडले तं दुश्मनाले पत्ता लागंन म्हनून. मंग त्याईले मार लागो का पाय मोडो, आवाजच नाई. मी त्याईच्या कानाकडं पाहो. कान हालला का समजे, याले काहीतरी व्हऊन राह्यलं."

एवढं बोलून त्यांनी पुन्हा वांगी तागडीत टाकली. मी घरी येऊन आईला सांगितलं, तर तिलाही ते पहिल्यांदाच कळत होतं.

चार-पाच दिवसांनी भाऊ स्टुडिओतून फोटो घेऊन आला. चांगला मोठा, सोनेरी फ्रेमचा. कागद सोडला आणि आम्ही सगळे पाहतच राहिलो. आजोबांचा चेहरा गोरापान झाला होता. मिशा काळ्याभोर. डोक्यावर साहेबाची टोपी, छातीवर बिल्लेच बिल्ले, आणि मागे बर्फाचे डोंगर.

आई म्हणाली, "बाई! हे कोन व्हय?" आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. भावाची मुलगी तर हसून हसून खालीच बसली. मलाही हसू आवरेना. मग माझं लक्ष बाबांकडे गेलं. ते फोटोकडे बघत होते आणि त्यांचा चेहरा उतरला होता. ते उठले, नळावर जाऊन हातपाय धुतले, स्वच्छ सदरा घातला आणि मला म्हणाले, "गाडी काहाड. मालेगावले जाऊ."

माझ्या स्कुटीवर मागे बसून, मांडीवर ती फ्रेम धरून बाबा मालेगावला आले. स्टुडिओवाला तिशीतला, हसतमुख माणूस होता. त्याने खुर्ची दिली, चहा सांगितला.

"काका, आवडला ना फोटो?"

"फोटो चांगला हाय," बाबा म्हणाले. "पन हा माहा बाप नाई."

तो गोंधळला. "काका, चेहरा तं त्याईचाच हाय. लोकाईले असंच आवडते. सगळेच मोठ्या सायबाची वर्दी मांगतात."

"माहा बाप सायेब नव्हता. जवान व्हता. खच्चरं सांभाळे. हे बिल्ले दुसऱ्या कोनीतरी कमावले असतीन, ते त्याच्या छातीवर कायले? आन हा बर्फ? बर्फ त्यानं जन्मात नाई पाह्यला. तो चिखलात व्हता. जळवा पायाले चिकटत."

आणि मग त्या अनोळखी माणसाच्या दुकानात, चहाचा कप हातात धरून, बाबा सांगत गेले. आजोबांचं एक खच्चर चिखलात पोटापर्यंत रुतलं. वरचा साहेब म्हणाला, सोडून दे, पुढे चल. आजोबांनी आधी त्याच्या पाठीवरचं पाणी उतरवून दुसऱ्या खच्चरांच्या पाठीवर लादलं, मग चिखलात उतरून बांबूच्या कामट्या त्याच्या पायाखाली सारल्या आणि त्याला बाहेर काढलं. त्यातच त्यांचा स्वतःचा पाय कायमचा अधू झाला. ही हकीकत आजोबांनी बाबांना सांगितली होती ती बाबा भरतीला निघाले त्या दिवशी, जऊळक्याच्या स्टेशनावर, गाडीची वाट बघताना. मी त्यांची मुलगी, पन्नाशी गाठलेली, आणि ती पहिल्यांदा ऐकत होते.

स्टुडिओवाल्याचा चहा तसाच राहिला होता. तो हळूच म्हणाला, "मंग कसा करू काका? तुमी सांगा."

"जसा हाय तसाच मोठा कर. धोतरावर."

त्याने लग्नातला फोटो कम्प्युटरवर उघडला आणि मोठा करत नेला. आजोबा मोठे झाले, बैल मोठा झाला. तेव्हा कुठे आमच्या लक्षात आलं, की मांडवातले सगळे कॅमेऱ्याकडे बघत आहेत आणि आजोबा एकटे बैलाच्या कानाकडे.

बाबांनी पुढे वाकून पडद्यावर बोट ठेवलं. "हे पाहा. हा माहा बाप."

झेंडावंदनाच्या दिवशी शाळेचं मैदान भरलं होतं. टेबलावर तीन फोटो ठेवले होते, दोन वर्दीतले आणि मधे धोतरातला. लोक कुजबुजत होते. हेडमास्तरांनी बाबांना बोलायला उभं केलं. बाबांनी कधी माईक हातात धरला नव्हता. त्यांनी आजोबांची गोष्ट सांगितली, थोडक्यात, आणि मग जरा थांबले. आम्हाला वाटलं, झालं. पण ते पुन्हा बोलू लागले.

"मी लढाईत व्हतो तवा मले भेव नाई वाटलं. भेव वाटाले टाईमच नव्हता. पन हा माहा पोरगा कारगिलले व्हता, तवा मी मालेगावच्या एस.टी.डी.वर रोज जाऊन बसो. फोन येनार नाई हे मले मालूम व्हतं. तरी जाओ. घरी सांगो का भाजीचा भाव इचाराले चाललो. तवा मले माहा बाप समजला. मी तिकडं व्हतो, आन हा मानूस इकडं वाफे वढत व्हता. कसे वढले असतीन?"

त्यांनी माईक खाली केला. भाऊ पहिल्या रांगेतून उठला, स्टेजवर गेला आणि त्यांच्या हातातला माईक घेऊन त्यांना खुर्चीवर बसवलं. त्यालाही हे ठाऊक नव्हतं. आम्हाला सगळ्यांना तेव्हा खरंच वाटायचं, की बाबा भाजीचा भाव विचारायलाच जातात. "किती कठीण काळजाचा मानूस," असं आई त्या दिवसांत माझ्याजवळ म्हणालीसुद्धा होती.

त्या संध्याकाळी अंगणात आम्ही सगळे बसलो होतो. आईने बाबांना सांगितलं, "तुमाले इचारायचं व्हतं ना, मामंजी कसे वाफे वढत? मी सांगू? मी नवी नवरी व्हती तवा. तुमी लढाईत. पोस्टमनची सायकल रस्त्यानं गेली का ते हातातलं खुरपं टाकून उभे राहत. तो पुढं निघून गेला का मंग बसत. मले म्हनत, कंबर भरून आली पोरी, म्हनून उभा राह्यलो."

बाबा बराच वेळ हसले. डोळे पुसत हसले. "बापाची कंबर, आन माहा भाजीचा भाव," म्हणाले. मग भाऊही डोंगरातल्या लढाईचं बोलला, आणि बाबांनी त्याला प्रश्न विचारले, जसे दोन जवान एकमेकांना विचारतात: खायला काय मिळायचं, बूट कसे होते, थंडीत हात चालायचे का. आई आणि मी ऐकत बसलो. इतकी वर्षं हे दोघं एकाच मळ्यात खांद्याला खांदा लावून पाणी देत होते, आणि हे बोलणं त्यांच्यात कधी झालंच नव्हतं.

दिवाळीनंतर भावाची मुलगी भरती होऊन प्रशिक्षणाला निघाली. आमच्या घरची फौजेत जाणारी पहिली मुलगी. वहिनी दोन दिवसांपासून रडत होती आणि चिवड्याचे डबे भरत होती. जऊळक्याच्या स्टेशनावर आम्ही सगळे गेलो. बाबांच्या वेळची अरुंद रुळांची छोटी लाईन आता राहिली नाही, मोठी झाली आहे. फलाटही बाबांना ओळखू येईना. पोरगी उगाच मोठ्याने बोलत होती, मोबाईलवर सगळ्यांचे फोटो काढत होती.

गाडी येताना दिसली तेव्हा बाबांनी तिला बाजूला घेतलं. मला वाटलं, काहीतरी मोठं सांगतील.

"पायमोजे वले झाले तं लगेच बदलजो," ते म्हणाले. "आळस करू नको. आन रात्री पाय धुऊन झोप."

"हाव, आजोबा."

"आन फोन करजो. नाई जमला तं नाई. पन जमला तं करजो."

तिने वाकून पाया पडायला हात खाली नेले, तर त्यांनी तिला वरच्या वर धरलं. मग गाडी थांबली आणि ती चढली.