फाळक्यावरचे दोन सॉकेट

सेवकराम कटरेच्या दुकानातून गाडी दुरुस्त न होता परत गेली, असं सहसा घडत नसे. दवनीवाड्याच्या चौकात पत्र्याच्या शेडमध्ये त्याचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. गोंदियाच्या आयटीआयमध्ये तो वायरमनचं काम शिकला. मग बिरसीला विमानतळाच्या कामावर एका ठेकेदाराकडे दोन वर्षं केबली ओढल्या, आणि गावी परतून हे दुकान टाकलं. ट्रॅक्टर असो, पिकअप असो, पाहिजे तो भाग मिळाला नाही तर दुसऱ्या कशाचा तरी लावून तो गाडी चालू करून देई. या कामात त्याचा हात धरणारं आसपास कोणी नव्हतं. लोक म्हणत, सेवकच्या हाताला जुगाडाची सिद्धी आहे. त्याला ते ऐकायला आवडे.

मागच्या वर्षी जुलैत रोशन नान्हे आपली पिकअप घेऊन त्याच्याकडे आला. रोशन मासोळीच्या बीजाचा धंदा करी. बोदलकसा तलावाकडच्या एका खासगी केंद्रातून तो बोटुकली, म्हणजे बोटभर लांबीची पिल्लं, पाण्याच्या टाक्यांत भरून घेई आणि गावोगावच्या तलावांत नेऊन सोडी. वाटेत टाक्यांत हवा सोडणारे छोटे पंप चालू राहिले नाहीत, तर माल तासाभरात पांढरं पोट वर करून तरंगू लागे.

त्याला सीटच्या मागे इन्व्हर्टर हवा होता आणि हौद्याच्या मागच्या फाळक्यावर, बाहेरच्या बाजूला, पंप लावायला दोन सॉकेट. शिवाय एक कळ हवी होती. केंद्रावर गाडी उभी असताना बॅटरी वाचवायला तिथली लाइन घेता आली पाहिजे, आणि तीच सॉकेट त्या लाइनीवर चालली पाहिजेत.

"बाहेरचं काम आहे," सेवकराम म्हणाला. "त्याले पाण्यातले सॉकेट लागतात. झाकणाचे, रबराच्या कड्यावाले. नागपूरहून मागवावे लागतीन. चार दिवस थांब."

"चार दिवस? उद्या सकाळी माल उचलाचा आहे ना भाऊ. आत्ता काहीतरी करून दे. मंग बदलून देजो."

सेवकरामने घरात वापरतात तसलं प्लॅस्टिकचं बोर्ड घेतलं, त्यात साधी दोन सॉकेट बसवली आणि वरून सायकलच्या ट्यूबचा तुकडा पडद्यासारखा लावला. तिसरी, हिरवी वायर अर्थिंगची. ती त्याने आतल्या आत कापून टेप गुंडाळली. गाडीला रबरी चाकं, अर्थिंग आणणार कुठून, असं त्याने स्वतःशीच म्हटलं. काम दुपारच्या आत झालं. पंप घुरघुरले. रोशन हसला, आणि दोघांनी चौकात चहा घेतला.

नागपूरची सॉकेट त्याने मागवलीच नाहीत. रोशनही परत काही बोलला नाही. हंगाम सुरू होता आणि दोघांच्याही हाताला काम होतं.

तीन आठवड्यांनी एका गुरुवारी, सकाळी दहाच्या सुमारास, रोशन केंद्रावर माल भरत होता. पाऊस सकाळपासून एका लयीत कोसळत होता. केंद्राचा साठीकडे झुकलेला चौकीदार गुलाब उके याने नेहमीप्रमाणे पंपघरातून वायर ओढून गाडीला लाइन दिली. रोशन चिखलात उतरला. पायांत चप्पल नव्हती. फाळक्याची साखळी काढायला त्याने हात घातला आणि तिथेच चिकटला. गुलाबने धावत जाऊन मेन स्विच पाडलं, तेव्हा तो खाली पडला. त्याला तिरोड्याला नेईपर्यंत वाटेतच सगळं संपलं होतं.

पंचनाम्यात पंपघरातली वायर जुनी निघाली, तिला मध्ये टेप लावलेला जोड होता. लाइन गुलाबने दिली होती. एवढं पुरेसं झालं. केंद्राच्या मालकाने त्याला त्याच दिवशी काढून टाकलं आणि पोलिसांनी निष्काळजीपणाचा गुन्हा त्याच्या नावावर नोंदवला. गाडीकडे फारसं कोणी पाहिलं नाही.

सेवकरामने पाहिलं. रोशनच्या मातीहून परतताना त्याच्या अंगणात पिकअप उभी दिसली. माणसं पांगल्यावर तो मागच्या बाजूला गेला आणि ट्यूबचा तुकडा उचलला. बोर्डात पाणी साचलेलं होतं. एका सॉकेटच्या मागची बाजू कोळशासारखी काळी झाली होती, आणि फेजची वायर फुटून फाळक्याच्या पत्र्याला टेकली होती. पंपघरातली लाइन बोर्डातून सरळ पत्र्यावर उतरली होती. रबरी चाकांमुळे तिला जमिनीत जायला वाट नव्हती. ती वाट रोशनने दिली. हिरवी वायर जोडलेली असती आणि पुढे एक साधं सुरक्षा स्विच बसवलेलं असतं, तर लाइन पापणी लवायच्या आत तुटली असती.

त्याने ट्यूबचा तुकडा होता तसा खाली सोडला आणि घरी गेला.

बायकोला, अंजूला, त्याने काही सांगितलं नाही. जेवण कमी झालं. दुकानात तो एकच काम दोनदा तपासू लागला. एखाद्याने जुगाड करून दे म्हटलं की तो चिडून बोले. अंजूला वाटलं, दोस्त गेल्याचं दुःख आहे. तेही खोटं नव्हतं.

डिसेंबरात गुलाब दुकानात आला. अंगावर धुतलेला पण चुरगळलेला सदरा, हातात कोर्टाच्या कागदांची पिशवी. त्याला कुठे काम मिळत नव्हतं. माणूस मारणारा चौकीदार म्हणून केंद्रांवर त्याचं नाव झालं होतं. तो बाकावर बसला.

"सेवक, तू लायनीतला माणूस आहेस," तो म्हणाला. "मले एक सांग. तीच वायर मी तीन साल लावून राहिलो होतो. किती गाड्यायले लायन देली. त्या दिवशीच काऊन असं झालं? माही चूक कोणती, तेवढं सांग. कोर्टात वकील इचारते, आन् मले सांगताच येत नाही."

सेवकरामच्या हातात स्क्रू ड्रायव्हर होता. त्याने तो खाली ठेवला, परत उचलला.

"वायर जुनी होती, बाबा," तो म्हणाला. "जोड उघडा पडला असंन."

गुलाबने मान हलवली. "म्हंजे माहीच चूक," असं म्हणत तो उठला आणि रस्ता ओलांडून गेला. सेवकरामने त्या दिवशी दुकान लवकर बंद केलं. पुढे तो म्हणे की रोशन मेला ते माझ्या आळसाने. पण गुलाबला सांगितलेलं ते एक वाक्य आपण शुद्धीत, माणसाच्या तोंडाकडे पाहून बोललो, असंही तो म्हणे.

या वर्षी जूनमध्ये तीच पिकअप दुकानासमोर येऊन थांबली. चालवत होती दामिनी, रोशनची बायको. हिवाळ्यात भावाकडून गाडी शिकली होती आणि धंदा स्वतः सुरू केला होता.

"भाऊ, सेलवाले पंप लावून पाह्यले," ती म्हणाली. "दोन खेपांचा माल मेला. मले ते बाहेरचे सॉकेट पायजे. ह्यायनं तुमच्याचकडून केलते, तं तुमीच करून द्या. यावेळेस चांगले लावा, पावसाचे."

ती मागे जाऊन फाळक्याजवळ उभी राहिली. जुनं बोर्ड अजून तिथेच होतं.

सेवकराम म्हणाला, "वहिनी, जरा बसा." ती बसली नाही. मग तो उभ्या उभ्याच बोलला. साधं बोर्ड, ट्यूबचा तुकडा, कापलेली हिरवी वायर, मातीच्या दिवशी पाहिलेलं काळं सॉकेट, सगळं. मध्येच थांबला तर परत सुरू करता येणार नाही अशा भीतीने तो भराभर बोलत गेला. शेवटी म्हणाला, "गुलाबबाबाची काही चूक नोहोती. माही होती."

चौकातून एक बस भरून गेली. मग दामिनीने विचारलं, "त्यायले मालूम आहे?"

"नाही. त्यायनं मले इचारलं होतं. मी खोटं सांगतलं."

"तेरवीच्या दिवशी तो बुढा माह्या दारात आलता," दामिनी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण हात फाळक्याच्या कडेवर घट्ट आवळला होता. "हात जोडून उभा होता. मी त्याच्या अंगावर भरला लोटा फेकून मारला. कपाळ फुटलं त्याचं. म्हणलं, माहा माणूस खाल्लास, आता जेवाले आला का? तुमी तेथीच बसले होते ना? मांडवात?"

"होतो."

"पाह्यलं ना तुमी?"

"पाह्यलं."

तिने गाडीचं दार उघडलं. "बसा. पयले ठाण्यात चला. सॉकेटचं मंग पाहू."

तिरोड्याच्या ठाण्यातल्या जमादाराने सगळं दोनदा ऐकलं आणि विचारलं, "अकरा महिने कुठं होतास?" जुनं बोर्ड काढून, फोटो घेऊन, पंचांसमोर जप्त करण्यात आलं. सेवकरामचं नाव गुन्ह्यात आलं आणि त्याला जामिनावर सोडलं. पण गुलाबचं नाव निघालं नाही. लाइन त्यानेच दिली होती आणि वायरीला जोड होता, हे कागदावर तसंच राहिलं. ते आता कोर्ट पाहील, असं त्यांना सांगण्यात आलं.

गुलाबकडे सेवकराम एकटाच गेला. म्हातारा अंगणात तुरीच्या वाळल्या तुऱ्हाट्या बांधत होता. ऐकून घेतल्यावर त्याने फक्त एवढं विचारलं, "मंग त्या दिवशी कायले तसं सांगतलं, बापू?" आणि उत्तराची वाट न पाहता पुन्हा तुऱ्हाट्या बांधू लागला. सेवकराम निघाला. मागून शिवी आली असती तर बरं वाटलं असतं, असं त्याने अंजूला सांगितलं. तिलाही त्याने सगळं त्याच संध्याकाळी सांगितलं. ती रडली, आणि पुढचे कित्येक दिवस त्याच्याशी कामापुरतंच बोलत होती.

आठवड्याने दामिनी पिकअप घेऊन परत आली. दुसरा कोणी हे काम करायला तयार नव्हता; त्या गाडीला हात लावायला माणसं कचरत होती.

सेवकरामला या कामाला दोन दिवस लागले. नागपूरहून मागवलेली जाड झाकणाची सॉकेट, झाकण सुटलं की स्प्रिंगने आपोआप बंद होणारी. वायर खालून आत घेतली, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी डब्यात न शिरता खाली टपकेल. पत्र्यातून जाते तिथे रबरी आवळणी. हिरवी वायर गाडीच्या सांगाड्याला पक्की आवळली. इन्व्हर्टर आणि बाहेरची लाइन, दोन्हींच्या पुढे गळती झाली की लाइन तोडणारं स्विच. केंद्रावर जमिनीत ठोकायला तांब्याची सळई. दामिनी दोन्ही दिवस स्टूल टाकून समोर बसली होती. प्रत्येक तार कुठून कुठे जाते ते विचारून घेत होती, आणि तो सांगत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने बोअरच्या नळाला पाइप लावला आणि सॉकेटवर, फाळक्यावर, साखळीवर धारेने पाणी मारलं. खाली चिखल झाला. दुकानातली लाइन गाडीला जोडली होती, पंप चालू होते.

"चप्पल काढा," ती म्हणाली.

सेवकरामने टेस्टर लावून पाहिला होता, तरी परत एकदा लावला. त्याने चप्पल काढली, चिखलात उतरला आणि दोन्ही हातांनी फाळका धरला. पाइपचं पाणी त्याच्या कोपरांवरून ओघळत होतं. दामिनीने मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. तिने हात सोडा म्हणेपर्यंत त्याने सोडले नाहीत.

"ठीक आहे," ती म्हणाली. पाइप गुंडाळून ठेवला, गाडीत बसली आणि निघून गेली. त्यानंतर ती त्याच्या दुकानात आली नाही. गाडीचं बाकी काम ती गोंदियाला नेऊन करून घेते.

सध्या तिरोड्याच्या कोर्टात दोघांच्याही तारखा पडतात. गुलाब व्हरांड्याच्या एका टोकाला बसतो, सेवकराम दुसऱ्या. गुलाबला अजून कुठे नोकरी मिळालेली नाही. सेवकरामने दुकान चालू ठेवलं आहे, पण गिऱ्हाईक निम्म्यावर आलं आहे. काही लोक भीतीने येत नाहीत, आणि काही येऊनही परत जातात, कारण योग्य तो भाग आल्याशिवाय तो आता काम करत नाही. गेल्या महिन्यात एका मांडववाल्याने जनरेटरची लाइन ट्रॅक्टरवर घ्यायला घाई केली.

"उद्या लगन आहे ना भाऊ, आत्ता काहीतरी करून दे," तो म्हणाला.

सेवकरामने नाही म्हटलं. मांडववाला शिव्या देत पुढच्या दुकानात गेला, आणि तिथे त्याचं काम तासाभरात झालं.