वन्संची हेरगिरी आणि एक उखाणा

पडद्यावरच्या गुप्तहेर बाया काळं जाकीट घालून छपरांवरून पळतात. आमच्या घरची गुप्तहेर गुडघ्याला पट्टा बांधून, खांद्याला पिशवी अडकवून एसटीनं फिरते. ती माझी मोठी नणंद, फौजेतल्या सुभेदारांची बायको. मुक्काम वडूज, कार्यक्षेत्र सातारा आणि सांगली, दोन्ही जिल्हे. नात्यातलं कुठलंही स्थळ पक्कं होण्याआधी वन्सं भलत्याच कुणी बनून त्या गावात जाणार, वाण्याकडं, गिरणीत, शेजारणीच्या ओट्यावर बसून सगळं काढून आणणार, आणि मगच माझे मिस्टर ‘हो’ म्हणणार. बहिणीच्या शब्दाबाहेर ते कधी गेलेले नाहीत. माझ्या रोज जातात.

गेल्या संक्रांतीला पाळी माझ्या लेकीची आली. ती साताऱ्यात फिजिओथेरपिस्ट. सांगलीजवळच्या माधवनगरचा एक मुलगा फोनवर बोलता बोलता तिला आवडून बसला होता. तरी एका सकाळी तिनं मला स्वयंपाकघरात गाठलं.

“आई, तो म्हणतो काम सोडू नकोस. पण त्याच्या आईच्या मनात काय आहे, कुणालाच माहीत नाही. काम सुटणार असेल तर मला हे लग्न नको.”

एवढं बोलली आणि पोळी लाटता लाटता रडायला लागली.

दोन्ही घरांची अजून भेट झाली नव्हती, सगळं मध्यस्थामार्फत चाललेलं. मुलाच्या घरी त्या आठवड्यात हळदीकुंकू होतं, आणि त्या दिवशी दारात आलेल्या बाईला कुणी परत पाठवत नाही. मोहीम ठरली. गाडी मी चालवत होते. वन्संनी गॉगल चढवला आणि मला पढवायला घेतलं.

“आपुन मागच्या गल्लीत खोली बघाय आलोय. माजं मालक ब्यांकेत हायत, बदली झालीया. तू माजी धाकली जाऊ. आन् त्वांड उघडायचं न्हाई.”

“वन्सं, गॉगल तरी काढा. सिग्नलवरची माणसं बघतायत.”

“बघू देत. वळखत्यात कुटं?”

घर बायकांनी भरलेलं. दारातच वन्संनी खोलीची आणि बदलीची गोष्ट सांगून टाकली. मुलाच्या आईनं हळदीकुंकू लावलं, हातावर तिळगूळ ठेवला. वन्सं गॉगल डोक्यावर सरकवून लगेच कामाला लागल्या. “पोराचा फोटू झ्याक हाय. सून आणायची आसंल? नोकरीवाली का घरातली?”

त्या बाई उत्तराला तोंड उघडणार, तोच कोपऱ्यातून आवाज आला, “नव्या आल्यात! आधी नाव घ्या, मग गप्पा!”

“घ्या, घ्या!” सगळ्याच ओरडल्या.

बँकेतल्या मालकांना वन्संनी गाडीत नाव, आडनाव, हुद्दा सगळं दिलेलं होतं. पण आता त्यांचा चेहरा पडला. त्यांनी पदर सावरला, डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात उखाणा घेतला. त्यात वडूज आलं, फौज आली आणि सुभेदारांचं खरंखुरं नाव आडनावासकट आलं. मी तिळगुळात तोंड लपवलं.

मुलीची आत्या वडूजची, सुभेदारांची बायको, हे मध्यस्थानं त्या घरी सांगितलेलं होतं. मुलाच्या आईनं एकदा वन्संकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. चारचौघींत मात्र अवाक्षर काढलं नाही. वाण दिलं आणि आम्ही चपला घालायला लागल्यावर मागं आल्या.

“खोली बघायला आलात ना? मग बघूनच जा.”

त्यांनी रस्त्याकडची खोली उघडली. रिकामी, ताज्या रंगाचा वास.

“लग्नाआधी मी बालवाडी चालवायचे. इथं आले आणि बंद झाली. तुमच्या मुलीला दवाखान्याला एवढी जागा पुरंल का, आत्याबाई?”

वन्संनी गॉगल पिशवीत टाकला.

परतीच्या वाटेवर वन्संनी गुडघ्याचा पट्टा सैल केला. मग म्हणाल्या, “येवढ्या वर्सांत कवा घावले न्हवते.”

“मग ठरलेलं नाव घ्यायचं होतं.”

“कुकू लावून घिऊन? दुसऱ्या बाप्याचं?” त्या माझ्यावर उखडल्या. “काय बी खोटं बोलीन. तितं जीभच वळंना बग!”

याच सुभेदारांशी त्या सकाळ-संध्याकाळ भांडतात.

तेवढ्यात मिस्टरांचा फोन आला. वन्संनी घसा खाकरून अहवाल दिला, “खोली लय झ्याक हाय. उजेड बी भरपूर हाय. दे पोरगी.”